भात्यावरचा हात

डॉक्टरीणबाईंनी माझ्या गुडघ्यावर रबरी हातोडी तिसऱ्यांदा मारली. पाय हलला नाही. मग त्यांनी दुसरा गुडघा पाहिला, घोटे पाहिले, कोपरं पाहिली. कुठूनच उत्तर आलं नाही. तेव्हा त्या खुर्ची ओढून माझ्या कॉटजवळ बसल्या. डॉक्टर उभ्याउभ्या बोलले तर काळजी नसते, बसले की घाबरावं, हे मी त्या दिवशी शिकले.

"हा जीबीएस वाटतोय," त्या म्हणाल्या. "गिया बारे सिंड्रोम. पोट बिघडून गेल्यावर कधीकधी प्रतिकारशक्तीचा गोंधळ होतो आणि ती आपल्याच नसांवर हल्ला करते. नसांवरचं आवरण खराब झालं की मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत पोचत नाही. अशक्तपणा पायांकडून वर चढत जातो. बहुतेक पेशंट बरे होतात, पण वेळ लागतो. आणि किती वर चढेल ते आज सांगता येणार नाही."

"ईस्टरपर्यंत बरी होईन ना?" मी विचारलं.

जानेवारीचा दुसरा आठवडा चालू होता. डॉक्टरीणबाईंनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. ह्यांचं नाव शांतवन, पण त्या क्षणी ह्यांचंच शांतवन कुणीतरी करायला हवं होतं. ह्यांनी खिडकीकडे पाहिलं.

मी सुधा. कोथरूडच्या शाळेत तीस वर्षं संगीत शिकवून निवृत्त झाले. पण मला कुणी विचारलं तर मी आधी सांगते की मी आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवते. बावीस वर्षं, एकटी. तापात वाजवली आहे, आई गेली त्याच्या पुढच्या रविवारीही वाजवली आहे. पेटी जुनी आहे, भाता एका कोपऱ्यात फुसका आहे, आणि तो कसा दाबायचा हे फक्त मला ठाऊक. उपासना संपली की पेटीला कुलूप लावायचं आणि चावी माझ्या पर्समध्ये.

आमच्या क्वायरमध्ये कृपा नावाची मुलगी आहे. हिंजवडीत नोकरी करते, सकाळची शिफ्ट असते, आणि पेटी उत्तम वाजवते. दोन वर्षं ती मला विचारत होती, "काकू, एखादा रविवार मी वाजवू का?" मी म्हणायचे, "भाता समजायला वेळ लागतो गं." खरं कारण भाता नव्हताच. ही माझ्यापेक्षा चांगली वाजवेल आणि मग मला कोण विचारेल, ही भीती होती. आज हे लिहिते आहे, तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

आजाराची सुरुवात आधीच झाली होती. नाताळनंतर चार दिवस जुलाब झाले, बरे झाले. आठवड्याने पायांना मुंग्या आल्या. चप्पल पायातून निसटायची आणि कळायचं नाही. मी केमिस्टकडून बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या आणल्या आणि वयाला दोष दिला. रविवारी तिसऱ्या गाण्याला बोटं पट्ट्यांवरून घसरली, तेव्हा मी पट्ट्या पुसल्या. सोमवारी सोसायटीचा जिना चढता आला नाही. वाचणाऱ्यांना एवढंच सांगते, दोन्ही पायांना मुंग्या येऊन दोन दिवसांत जिना जड झाला तर गोळ्या बदलत बसू नका, हॉस्पिटल गाठा. मी दोन दिवस पट्ट्या पुसण्यात घालवले.

तपासण्या दोन झाल्या. एक लंबर पंक्चर, म्हणजे पाठीच्या कण्यातून सुईने थोडं पाणी काढतात. नावाला भ्यायले, पण तेवढं दुखत नाही. दुसरी एनसीव्ही, म्हणजे नसांमधून वीज किती वेगाने जाते ते पाहतात. हातापायांना बारीक बारीक झटके देतात. झटका जाणवत होता, पण बोट उडत नव्हतं. 

तिसरी तपासणी अशी होती की तिला यंत्रच लागत नाही. दर काही तासांनी कुणीतरी येऊन म्हणायचं, "काकू, खोल श्वास घ्या आणि एका श्वासात मोजा." अशक्तपणा छातीपर्यंत पोचला का ते यातून कळतं. मी गाणारी बाई, मला श्वासाची मिजास. पहिल्यांदा अडतीसपर्यंत मोजलं आणि सिस्टरकडे विजयाने पाहिलं. संध्याकाळी चोवीस. दुसऱ्या दिवशी दुपारी सतरा. त्यानंतर मी कुणी विचारलं नाही तरी मनातल्या मनात मोजत राहायचे. हात उचलत नव्हते, नाकावरची माशी हाकलता येत नव्हती, आणि डोक्यात मात्र सतत आकडे. समोर भिंतीवर घड्याळ होतं. त्याचा काटा इतका निवांत चालायचा की उठून त्याला एक चापट मारावीशी वाटायची.

औषध होतं आयव्हीआयजी. सलाइनसारखी बाटली, पाच दिवस. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "यात निरोगी लोकांच्या रक्तातली प्रतिद्रव्यं असतात. एक बाटली बनायला हजारो जणांचा प्लाझ्मा एकत्र करावा लागतो. ती प्रतिद्रव्यं तुमची बिघडलेली फौज थोपवतात."

मी त्या बाटलीकडे बघत पडले. आमच्या चर्चच्या कमिटीत नऊ माणसांचं चहा कधी द्यायचा यावर एकमत होत नाही, आणि इथे हजारो अनोळखी माणसं एका बाटलीत गुण्यागोविंदाने बसून माझ्या हातात उतरत होती.

तरी चौथ्या दिवशी सकाळी मी अकरापर्यंत पोचले आणि श्वास संपला. आयसीयूच्या सिस्टर मेश्राम यांनी मला बाराव्या आकड्यासाठी तोंड उघडताना पाहिलं आणि थेट डॉक्टरांना हाक मारली. मेश्राम भंडाऱ्याकडच्या, ठेंगण्या, आवाज मोठा. घशात नळी घालण्याआधी त्यांनी मला सांगितलं, "काकू, आता मशीन तुमच्यासाठी श्वास घेईन. बोलता येणार नाही, पण ऐकू सगळं येते. मी इथंच उभी राहून राहिली आहे."

मला मरायची भीती वाटली. ती सांगायला मला लाज नाही. प्रार्थना आठवेना. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रार्थनांना सूर दिला, आणि माझ्या वेळेला दोन शब्द जुळेनात.

त्या दुपारी स्कॅनसाठी मला खालच्या मजल्यावर नेलं. व्हेंटिलेटर काढून नळीला एक फुगा लावला. त्याला ॲम्बू बॅग म्हणतात. हाताने दाबला की हवा आत जाते, सोडला की बाहेर येते. सिस्टर मेश्राम कॉटच्या बाजूने चालत तो दाबत होत्या. एक मामा, म्हणजे वॉर्डबॉय, कॉट ढकलत होते, दुसऱ्याने ऑक्सिजनचा सिलिंडर धरला होता, आणि एक सिस्टर लिफ्टचं दार अडवून उभी होती. लिफ्टच्या उंबऱ्यावर कॉटचं चाक अडकलं, कॉटला हिसका बसला आणि फुगा सिस्टरच्या हातातून निसटला. एक श्वास चुकला. मी डोळे मोठे केले.

"माझ्याकडे पाहा, काकू. दाबून राहिली मी," सिस्टर म्हणाल्या, आणि फुगा पुन्हा सुरू झाला. दाब, सोड. दाब, सोड. मी ही लय ओळखत होते. भात्याची लय. फक्त या वेळी मी पेटी होते आणि हात दुसऱ्याचा होता.

व्हेंटिलेटरवर मी तेरा दिवस होते. दर दोन तासांनी मला कुशीवर वळवायचे, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्याला चार माणसं लागतात. एक मान आणि नळी धरतो, एक खांदा, एक कंबर, एक पाय. मानेजवळचा माणूस मोजतो, "एक, दोन, तीन", आणि सगळे एकदम वळवतात. मोजणाऱ्याशिवाय कुणी हलायचं नाही. एकदा एक नवा मामा दोनवरच ओढायला लागला, तर माझा खांदा वळला आणि कंबर तिथेच राहिली. दुखलं इतकं की डोळ्यांतून पाणी आलं. मेश्रामांनी त्याला तिथल्या तिथे झापलं, "ताकद नाही पाहिजे, बापा. आकडा ऐक."

बाहेर आमची मंडळी जमली होती. मंडळी म्हणजे आमच्या चर्चचा सगळा गोतावळा. पहिल्या दिवशी ह्यांच्यासमोर अकरा डबे आले, त्यातल्या सहांत चिकन. चौथ्या दिवशी एकही नाही, कारण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने दिला असेल. आमच्याकडे प्रेमाची कमतरता कधीच नसते, फक्त ते सगळं मंगळवारी येतं. आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, शेवटी कृपाला सांगितलं, तूच काहीतरी कर. तिने मोबाइलवर पाळ्या लावल्या. डबा कुणाचा, बाहेर बसणार कोण, ह्यांना घरी सोडणार कोण. आणि साखळी प्रार्थना सुरू झाली. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, प्रत्येकाने आपापल्या घरी एक तास. तास संपला की पुढच्याला फोन करायचा, आणि त्याने "आता मी आहे" म्हटल्याशिवाय आपण उठायचं नाही. हे मला ह्यांनी कानाशी सांगितलं. मला बरं वाटलं आणि त्याच क्षणी मनात आलं, म्हणजे पेटीचं काय?

तो विचार गेला नाही. गोचिडीसारखा चिकटला. पुढच्या रविवारी कोण वाजवणार? चावी पर्समध्ये आहे हे ह्यांना माहीत आहे. कृपा मागेल, हे भोळे, देऊन टाकतील. मी हलू शकत नव्हते आणि तिकडे माझी जागा जात होती. श्वास मशीन घेत होतं, जगेन की नाही ठाऊक नव्हतं, आणि मी कुलपाची काळजी करत होते. माणूस असाही असतो.

आयसीयूत संध्याकाळी पाचला एकालाच पास मिळायचा. आठव्या दिवशी ह्यांनी तो कृपाला दिला, कारण तिने एक पुठ्ठा करून आणला होता. त्यावर मुळाक्षरं, ओळीओळीने. ती बोट फिरवणार, अक्षर आलं की मी डोळे मिटायचे. "काकू, घाई नाही. तुम्हाला जे सांगायचंय ते सांगा."

मी च वर डोळे मिटले. मग व वर.

"चावी? पेटीची?"

मी डोळे मिटले. ती हसली. पुढे क, मग प.

"कृपा? म्हणजे मी?" तिने बोट पुढे फिरवलं. ल. द. "कृपाला दे... काकू, खरंच?"

तो चेहरा मी आजही विसरत नाही. दोन वर्षं वाट पाहिलेल्या माणसाचा चेहरा. मी तिथे थांबू शकले असते. डोळे उघडे ठेवले असते तर वाक्य तिथेच संपलं असतं. मी थांबले नाही. ऊ वर डोळे मिटले. न वर मिटले. क वर मिटले.

कृपाने ते पूर्ण वाचलं. कॉटच्या पायथ्याशी एक वही असायची, जो येईल त्याने काय झालं ते लिहायचं, म्हणजे पुढच्याला कळतं. तिने वहीत तारीख घातली आणि लिहिलं. लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाली, जसं सिस्टर बोलतात तसं, "काकूंचा निरोप. चावी कृपाला देऊ नका."

मग पेन ठेवून तिने माझा उजवा हात घेतला. फिजिओथेरपिस्टने सांगितलं होतं की बोटं आखडू नयेत म्हणून प्रत्येक बोट दहादा वाकवायचं. तिने अंगठ्यापासून करंगळीपर्यंत दहा दहा वेळा वाकवलं. एकही कमी नाही. ज्या बोटांनी तिला दोन वर्षं पेटीपासून दूर ठेवलं होतं ती. मला रडावंसं वाटलं, पण नळी असताना रडलं की मशीन ओरडतं.

ती पुढच्या मंगळवारीही आली. शनिवारीही.

चौदाव्या दिवशी नळी काढली. पहिल्यांदा मोजलं ते सहापर्यंत. सिस्टर मेश्रामांनी टाळी वाजवली, जणू मी मैफल मारली होती. वॉर्डात आल्यावर कळलं की हा आजार ज्या वाटेने चढतो त्याच वाटेने उतरतो. म्हणजे जे शेवटी गेलं ते आधी परत येतं. श्वास, खांदे, कोपरं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाताची बोटं आणि पावलं सगळ्यात शेवटी. काही महिने. कधी वर्षही लागतं. थोडा अशक्तपणा राहूही शकतो."

"ईस्टरपर्यंत?" मी पुन्हा विचारलं.

"तुम्ही व्हीलचेअरमध्ये स्वतः बसून चर्चमध्ये गेलात तर मी त्यालाच यश म्हणेन."

त्यांचं बरोबर होतं आणि मला त्यांचा राग आला. दिवसभर मी बोटांकडे पाहून हुकूम सोडायचे. बोटं पडून असायची. फिजिओथेरपिस्ट खांदा उचलायला लावायची, मी म्हणायचे, खांद्याला काय करू, खांद्याने सा लागतो का? मार्चच्या सुरुवातीला घरी आले. लिफ्ट बंद होती, म्हणून सोसायटीच्या चौघांनी मला खुर्चीसकट दोन मजले चढवलं. खुर्ची दाराशी टेकवताना त्यांच्यातले जोशी म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळी आजारी पडायच्या आधी लिफ्टची दुरुस्ती बघत चला." त्यांच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, पाळकसाहेब भेटायला आले. माझा पुठ्ठ्यावरचा निरोप कुणी पाळला असेल असं मला वाटलंच नव्हतं. मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कशी वाजवते कृपा?"

पाळकसाहेब ह्यांच्याकडे पाहायला लागले. ह्यांनी शर्टाच्या खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली. माझी चावी, लाल दोरा बांधलेली.

"पेटी बंदच आहे," हे म्हणाले. "तू नको म्हणाली होतीस ना."

"जानेवारीपासून?"

"मी दोनदा म्हटलं तिला," पाळकसाहेब म्हणाले. "ती म्हणते, काकूंनी नाही सांगितलंय. क्वायर नुसती गाते. कधी सूर वर जातो, कधी खाली. चालवून घेतो आम्ही."

त्या तीन महिन्यांत मी मनात कितीदा पाहिलं होतं, कृपा माझ्या जागी बसली आहे. ती जागा रिकामीच होती. मला वळवण्यासाठी चार माणसं, श्वास द्यायला एक हात, रक्तात उतरायला हजारो अनोळखी, डब्यांसाठी अर्धी मंडळी, आणि त्या सगळ्यांना मी एका कुलपाबाहेर उभं ठेवलं होतं. शरीर एक आणि अवयव पुष्कळ, हा पाळकसाहेबांचा आवडता विषय. वर्षानुवर्षं ते त्यावर बोलायचे आणि मी पुढच्या गाण्याचं पान शोधत असायचे. मला लाज वाटली. नुसती वाटली नाही, जेवण गेलं नाही त्या दिवशी.

संध्याकाळी मी कृपाला बोलावून घेतलं. माझी बोटं चावी धरू शकत नव्हती, म्हणून ती तळहातावर ठेवून पुढे केली. "मी तुझ्याशी फार वाईट वागले," मी म्हणाले. "ते पुठ्ठ्यावरचं. मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही."

ती म्हणाली, "मला खूप लागलं होतं, काकू. त्या दिवशी बसमध्ये रडले मी."

"मग आलीस कशाला परत?"

"माझी पाळी होती ना," कृपा म्हणाली आणि चावी घेतली.

ईस्टरच्या सकाळी मला व्हीलचेअरवर पहिल्या रांगेच्या कडेला बसवलं. कृपा पेटीमागे बसली. पहिलं गाणं सुरू झालं आणि दुसऱ्याच ओळीला पेटीला दम लागला. तीन महिने बंद राहून भाता ताठला होता, फुसका कोपरा आणखी फुसका झाला होता. डाव्या हाताने भाता सांभाळावा तर उजव्या हाताचा सूर चुकत होता. लोक गात होते, पेटी धापा टाकत होती. कृपाचे कान लाल झाले. तिने माझ्याकडे पाहिलं.

पूर्वीची मी असते तर म्हणाले असते, बघा, सांगत होते ना. मी ह्यांना म्हटलं, "मला पुढे घ्या. पेटीच्या पलीकडे."

खुर्ची पेटीसमोर, भात्याच्या बाजूला आली. माझी बोटं एक पट्टीसुद्धा दाबू शकत नव्हती, पण खांदा चालत होता, कोपर चालत होतं. मी डावा तळहात भात्यावर टेकवला आणि वरच्या कोपऱ्याकडून, थोडं तिरकं, दाबलं. दाब, सोड. पेटीचा श्वास भरला. कृपाने डावा हात भात्यावरून काढून पट्ट्यांवर ठेवला. दोन्ही हातांनी ती पेटी वाजवलेली बावीस वर्षांत कुणी ऐकली नव्हती. मीसुद्धा नाही, कारण माझा एक हात नेहमी भात्यावर अडकलेला असायचा. ती माझ्यापेक्षा चांगली वाजवते. फारच चांगली वाजवते.

कडवं संपताना तिने वाकून विचारलं, "दमलात का, काकू?"

"तू वाजव," मी म्हणाले. "हवा मी देते."

तिसऱ्या कडव्याला माझा खांदा भरून आला आणि हात थांबायला लागला. मी काही बोलले नव्हते. ह्यांचा हात मागून येऊन माझ्या हातावर बसला, आणि भाता चालू राहिला.